'सेटलमेंट' : एका इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि त्यांचा परस्परसंबंध

सोलापूर शहरात 'सेटलमेंट' ह्या नावाने ओळखली जाणारी एक वस्ती आहे. तिच्या लगतच्या भागाला 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असे म्हणतात. तेथील रहिवाशांच्या दृष्टीने हे एक विशेषनाम आहे, पत्ता सांगताना उच्चारावयाचे, एवढेच. दुसरीकडे पुण्यात राज्यातील जमीनमोजणीचे व भूमी अभिलेखांचे जे मुख्य कार्यालय आहे, त्याच्या प्रमुखाचे इंग्रजी पदनाम 'सेटलमेंट कमिशनर' असे असून मराठीत त्यास 'जमाबंदी आयुक्त' म्हणतात. सोलापुरातील वस्ती आणि पुण्यातील पद ह्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल अशी शंकाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. मराठी अनुवादाने तर तो संबंध पार पुसून टाकला आहे. एका ठिकाणी शब्द जसाच्या तसा राहिला, दुसऱ्या ठिकाणी 'जमाबंदी' झाला. तथापि इंग्रज राज्यकर्त्यांच्या कागदपत्रांत हा एकच शब्द होता, आणि तो दोन्हीकडे योगायोगाने आलेला नाही.

शब्दाच्या व्युत्पत्तीपासून आरंभ करणे सोयीचे होईल. जुन्या इंग्रजीत 'सेट्ल' म्हणजे आसन, बैठक. संस्कृतातील 'सद्' हा धातू आणि त्यापासून आलेले सदन, आसन्न, संसद हे शब्द ह्याच कुळातील होत. 'सेटल' ह्या क्रियापदाचा मूळ अर्थ एखाद्यास जागेवर बसविणे हा. परंतु मध्ययुगीन इंग्रजीत 'सॉटल' असे एक निराळेच क्रियापद प्रचारात होते. त्याचा अर्थ समेट करणे, भांडणाऱ्यांत सलोखा घडविणे असा होता. उच्चाराच्या जवळिकीमुळे ते मागे पडून त्याचा अर्थ 'सेटल' ह्या क्रियापदात मिसळला, असे कोशकारांचे मत आहे. म्हणजे 'बसविणे' आणि 'मिटविणे' ह्या दोन भिन्न क्रिया इंग्रजीत एका शब्दात येऊन राहिल्या.

मराठीने हा भेद राखला आहे. मराठीत पेठ बसवितात, सारा बसवितात, राज्याची घडीही बसवितात. इथपर्यंत 'बसविणे' हे क्रियापद इंग्रजी शब्दाबरोबर चालत येते. पण भांडण कोणी बसवीत नाही, ते मिटवितात. आणि मिटविण्यास दोन पक्ष लागतात. बसविणारा एकटा असला तरी चालते. ज्यावर सारा बसवावयाचा त्या शेताची, किंवा ज्यास बसवावयाचे त्या माणसाची संमती त्या क्रियेत गृहीत नाही. इंग्रजीत मात्र एकतर्फी आज्ञा आणि दुतर्फी तडजोड ह्या दोहोंस एकच नाव मिळाले. पुढील तीन शतकांच्या राज्यकारभारात ह्या संदिग्धतेचा उपयोग किती झाला, हे त्या शब्दाच्या इतिहासातच पाहावयाचे आहे. तो उपयोग कोणी जाणूनबुजून केला असे म्हणण्याचे कारण नाही. भाषेने सोय करून ठेवली होती आणि कारभाऱ्यांनी ती घेतली.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून अवघ्या पन्नास वर्षांच्या अवधीत इंग्लंडमध्ये ह्या शब्दाने ओळखले जाणारे तीन महत्त्वाचे कायदे झाले. पहिला १६५२ चा, आयर्लंडच्या 'सेटलमेंट'चा. क्रॉमवेलच्या सैन्याने आयर्लंड जिंकल्यानंतर तेथील कॅथलिक जमीनमालकांच्या जमिनी जप्त करून त्या सैनिकांना व युद्धास कर्ज देणाऱ्यांना वाटण्याची ही योजना होती. जमीन गमावलेल्या मालकांपैकी ज्यांना काही मोबदला मिळावयाचा होता, त्यांनी शॅनन नदीपलीकडे कॉनॉट प्रांतात जावे असा हुकूम पुढे निघाला आणि त्यासाठी १ मे १६५४ ही मुदत घालण्यात आली. येथे बसविणे आणि उठविणे ह्या एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत. तिसरा कायदा १७०१ चा. इंग्लंडच्या गादीचा वारसा हॅनोव्हरची सोफिया व तिचे प्रॉटेस्टंट वंशज ह्यांच्याकडे जावा हे त्याने ठरविले. सोफिया १७१४ च्या जूनमध्ये वारली, ॲन राणी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. म्हणून राज्य सोफियाच्या मुलाला, पहिल्या जॉर्जला मिळाले. राज्यघटनेच्या विद्यार्थ्यास हा कायदा सुपरिचित असल्याने त्याचा विस्तार येथे अनावश्यक आहे.

ह्या दोहोंमधील १६६२ चा कायदा मात्र अधिक लक्ष देण्याजोगा आहे. १६०१ च्या कायद्याने इंग्लंडमधील प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावावर, आपल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी टाकली होती. 'आपले गरीब' कोणते, हा प्रश्न साहजिकच उत्पन्न झाला. त्याचे उत्तर १६६२ मध्ये दिले गेले. नव्याने येऊन वर्षाला दहा पौंडांहून कमी किमतीच्या जागेत राहणारा मनुष्य पुढे गावावर भार होईल असे पॅरिशच्या अधिकाऱ्यांना वाटल्यास, तो आल्यापासून चाळीस दिवसांच्या आत दोन न्यायाधीशांकडून हुकूम मिळवून त्यास त्याच्या मूळ गावी परत धाडता येई. तो भिकारी असण्याची आवश्यकता नव्हती. होण्याचा संभव पुरेसा होता. ज्या गावात राहण्याचा व मदत मागण्याचा हक्क असे, त्या हक्कास 'सेटलमेंट' म्हणत. ती जन्माने मिळे, वडिलांकडून मिळे, विवाहाने स्त्रीस पतीची मिळे. १६९१ नंतर वर्षभराच्या चाकरीने अथवा उमेदवारी करूनही मिळू लागली. परिणाम असा झाला की, पुष्कळ मालक मजुरास पूर्ण वर्षाच्या बोलीने न ठेवता एक आठवडा कमी ठेवू लागले. अनौरस मुलाची सेटलमेंट जेथे त्याचा जन्म होई तेथील धरली जाई. म्हणून अविवाहित गर्भवती स्त्रीस प्रसूतीपूर्वीच गावाबाहेर घालविण्याची घाई पॅरिशचे अधिकारी करीत.

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ह्या कायद्यावर कठोर टीका केली. चाळिशीला आलेल्या गरीब माणसांपैकी ज्याला आयुष्यात केव्हा ना केव्हा ह्या कायद्याचा जाच झाला नाही असा क्वचितच कोणी सापडेल, अशा आशयाचे त्याचे विधान आहे. ते काहीसे अतिशयोक्त मानले जाते. तरी १७९५ मध्ये संसदेने मनुष्य प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत त्यास हलवू नये असा बदल केला, आणि कायद्याचे अवशेष तर १९४८ पर्यंत टिकले. इतिहासकाराच्या दृष्टीने ह्या कायद्याने एक अनपेक्षित लाभ करून दिला. मनुष्याची सेटलमेंट कोठली हे ठरविण्यासाठी न्यायाधीशांसमोर त्याची जबानी होई: जन्म कोठे, चाकरी कोणाकडे, लग्न केव्हा. ज्यांनी स्वतः एक अक्षरही लिहिले नाही अशा हजारो मजुरांची चरित्रे पॅरिशच्या दप्तरांत त्यामुळे उतरली आहेत. पण ती उतरली ती त्यांना हुसकावण्याच्या चौकशीत, हे विसरता येत नाही.

धनिकांच्या घरी हाच शब्द अगदी वेगळ्या थाटात वावरत होता. तेथे 'सेटलमेंट' म्हणजे विवाहप्रसंगी जमीन-जुमल्याची अशी व्यवस्था की, हयात मालकास ती विकता येऊ नये आणि ती अखंड स्वरूपात वडील मुलाकडे जावी. १८८२ च्या कायद्याने हे बंधन बरेच सैल केले. एकाच देशात, एकाच काळात, श्रीमंताची सेटलमेंट जमिनीस जागचे हलू देत नव्हती आणि गरिबाची सेटलमेंट माणसास. पहिली वकिलाच्या सल्ल्याने केली जाई, दुसरी न्यायाधीशाच्या हुकमाने. (मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडे आले तेही १६६१ च्या विवाहाच्या तहातून, १६६८ मध्ये कंपनीस ते वर्षाला दहा पौंड खंडाने मिळाले.)

हिंदुस्थानात कंपनीच्या पत्रव्यवहारात आरंभी 'सेटलमेंट' म्हणजे वखारीभोवतालची व्यापारी ठाणी. त्यांचे पुढे प्रांत झाले, तेव्हा ह्या अर्थाची उपयुक्तता हिंदुस्थानात संपली; पिनांग, मलाक्का, सिंगापूर ह्यांना मात्र १८२६ पासून 'स्ट्रेट्स सेटलमेंट्स' हेच नाव राहिले. आता शब्द जमीनमहसुलाकडे वळला. १७९३ मध्ये कॉर्नवॉलिसने बंगालच्या जमीनदारांशी जो ठराव केला तो 'पर्मनंट सेटलमेंट' होय. बंगालीत त्यास 'चिरस्थायी बंदोबस्त' म्हणतात, मराठी पाठ्यपुस्तकांत 'कायमधारा'. बंगाली शब्द मूळ फारसीला अधिक धरून आहे, कारण मोगली अमदानीत महसुलाच्या ठरावास 'बंदोबस्त' हाच शब्द होता. 'सेटलमेंट' हे त्याचेच इंग्रजी भाषांतर म्हणून योजले गेले. मराठीत 'बंदोबस्त' पुढे पोलिसांच्या स्वाधीन झाला, हा त्या शब्दाचा स्वतंत्र इतिहास आहे. कॉर्नवॉलिसच्या ठरावास 'मिटविणे' ह्या अर्थाची छटा निदान वरवर तरी होती: सरकार आणि जमीनदार असे दोन पक्ष होते, रक्कम कायमची ठरली होती. तिसरा पक्ष जो कुळवाडी, त्याच्याशी मात्र काहीच ठरले नव्हते. ही 'कायम' व्यवस्था १९५० नंतरच्या जमीनदारीनिर्मूलनाच्या कायद्यांनी संपुष्टात आली.

मुंबई इलाख्यात गोष्ट निराळी झाली. १८१८ मध्ये पेशवाई गेली तेव्हा कमाविसदार आणि पाटील ह्यांच्यामध्ये दरसाल होणाऱ्या घासाघिशीची पद्धत येथे होती. पडीत जमीन लागवडीस यावी म्हणून कौल देण्याची, क्रमाने वाढत जाणारा इस्तावा ठरविण्याची रीतही होती. ह्या व्यवहारात जुलूम नव्हता असे मुळीच नाही, आणि पेशवाईच्या अखेरीस मामलती मक्त्याने देण्याचा प्रकार सुरू झाल्यावर तो वाढलाच होता. पण बोलणी होत असत. रॉबर्ट कीथ प्रिंगल ह्याने १८२० नंतरच्या दशकात दख्खनची जी पाहणी केली, तिने बोलण्यांची जागा हिशेबास दिली. उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा जाता जे उरेल त्याचा ठरावीक हिस्सा सरकारचा, हे तत्त्व. ते रिकार्डोच्या खंडसिद्धान्ताशी जुळते होते. हिशेब पाहण्यास नीटनेटका होता, त्याखालचे आकडे चुकीचे होते. इंदापुरासारख्या तालुक्यांत शेतकरी जमिनी टाकून निघून गेले.

ह्या अपयशातून मुंबईची प्रसिद्ध पद्धत निघाली. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट ह्यांनी इंदापुरात नवी पाहणी केली व १८३६ मध्ये नवे, पूर्वीपेक्षा हलके दर तेथे लागू झाले; १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम निश्चित झाले. प्रत्येक शेतास क्रमांक व हद्द; मातीची खोली व जात पाहून आण्यांत तिची प्रत; गावांच्या गटासाठी हवामान, बाजारपेठ आणि मागील वसुली ध्यानात घेऊन दर; आणि हे सारे तीस वर्षांसाठी कायम. निव्वळ उत्पन्न शोधण्याचा हव्यास सोडून अनुभवावर भिस्त ठेवली, हे ह्या अधिकाऱ्यांचे श्रेय निःसंशय होय, आणि पहिल्या पिढीत लागवड वाढली हेही खरे आहे. परंतु ह्या सेटलमेंटमध्ये दुसरा पक्ष कोठे होता? नियमानुसार शेतकऱ्याने वर्षअखेर राजीनामा देऊन क्रमांक सोडावा अथवा कबुलायत देऊन घ्यावा. दरासंबंधी बोलणी करण्याचा मार्ग त्यास ठेवलेला नव्हता. घासाघीस संपली, तिच्या जागी घ्या किंवा सोडा हे सूत्र आले. इंग्रजी शब्द तोच राहिला, आणि तो राहिल्यामुळे अहवाल वाचणाऱ्यास ही उभयपक्षी मान्य झालेली व्यवस्था आहे असे वाटत राहते. त्या मानाने 'जमाबंदी' हा मराठी शब्द प्रामाणिक आहे. त्यात समेटाचा भास नाही.

तीस वर्षे संपली तेव्हा अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसास आलेली तेजी ओसरत होती. नव्या फेरआकारणीचे दर तेजीतील भावांच्या भरवशावर वाढविलेले होते. इंदापुरात, जेथे ही पद्धत जन्मली तेथेच, वाढ पहिल्याने जाणवली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांच्या वह्या व खतपत्रे जाळण्यास सुरुवात झाली आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत दंगे पसरले. सावकार हे दंग्यांचे लक्ष्य होते हे उघड आहे. पण चौकशी आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन ह्यांनी महसुलाच्या वाढीकडे स्पष्टपणे बोट दाखविले. १८७९ च्या कायद्याने सावकारीस लगाम घातला गेला. जोतीराव फुले ह्यांच्या १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात दर तीस वर्षांनी होणाऱ्या पैमाशीविषयी जी तक्रार आहे, ती ह्याच अनुभवातून आलेली आहे. 'सेटलमेंट' ज्यास सरकार म्हणे, तिला शेतकरी 'पैमाश' म्हणे. म्हणजे त्याच्या लेखी ती केवळ मोजणी होती.

त्या शब्दाचे दोन्ही अर्थ समोरासमोर आले ते १९२८ मध्ये, तत्कालीन मुंबई इलाख्यातील सुरत जिल्ह्यात. बारडोली तालुक्याच्या फेरआकारणीत, म्हणजे 'रिव्हिजन सेटलमेंट'मध्ये, सरकारने २२ टक्के वाढ कायम केली. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी फेब्रुवारीपासून सारा देण्याचे नाकारले. ऑगस्टमध्ये जी तडजोड झाली तिलाही इंग्रजीत 'सेटलमेंट' हेच नाव होते. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल ह्या दोन अधिकाऱ्यांच्या चौकशीत शेतकऱ्यांची बाजू प्रथमच रीतसर मांडली गेली, आणि २२ टक्क्यांची वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. मराठीत सांगावयाचे तर जे एकतर्फी बसविले होते ते मिटवावे लागले. ज्यांना जमीनमहसुलाचा इतिहास केवळ अहवालांच्या आधारे लिहावयाचा असेल त्यांनी ह्या घटनेकडे विशेष लक्ष द्यावे. चौकशीस जाणारा अधिकारी गावकऱ्यांना न विचारताही आकडे पूर्ण करू शकतो, हे तीत सरकारच्याच चौकशीतून बाहेर आले.

जमीन बसविण्याकडून माणसे बसविण्याकडे वळताना अंदमानचा उल्लेख करावा लागतो. १८५७ च्या उठावानंतर १८५८ च्या मार्चमध्ये पोर्ट ब्लेअर येथे बंदिवानांची पहिली तुकडी उतरली आणि 'पीनल सेटलमेंट' सुरू झाली. तथापि तेथे बसविलेले लोक न्यायालयाने दोषी ठरविलेले होते. त्यापुढचे पाऊल, म्हणजे दोष सिद्ध न होता माणसे बसविणे, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने टाकले. हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानासाठी होता. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करण्याची सोय झाली. एखादी जमात सरकारने जाहीर केली की तिच्यातील माणसांची नोंद व बोटांचे ठसे घेणे, त्यांच्या हालचालींवर बंदी घालणे, त्यांना सेटलमेंटमध्ये ठेवणे आणि मुलांना आईबापांपासून वेगळे करून शाळेत ठेवणे हे सारे करता येई. १६६२ च्या कायद्यातील तर्क येथे जवळजवळ तसाच आढळतो. तेथे मनुष्य भार होण्याचा संभव पुरेसा होता, येथे गुन्हा करण्याचा. मात्र इंग्लंडच्या गरिबास निदान आपल्या गावी हक्क होता. ज्याला गावच नाही अशा भटक्या माणसासाठी गाव तयार करावे लागले, आणि ते तारेच्या कुंपणात तयार झाले.

मुंबई इलाख्यात ह्या कामाचे सूत्रधार स्टार्ट नावाचे सनदी अधिकारी होते. विजापुरापासून आरंभ होऊन हुबळी, गदग, सोलापूर इत्यादी ठिकाणी सेटलमेंट उभ्या राहिल्या. जागांची निवड निर्हेतुक नव्हती. सोलापुरात कापडगिरण्या होत्या, त्यांना मजूर हवे होते. कैकाडी, पारधी, भामटे म्हणून सरकारी यादीत नोंदलेली कुटुंबे कुंपणातून गिरणीत जात आणि हजेरीस परत येत. चांगली वर्तणूक राखणाऱ्यांना कुंपणाबाहेरच्या वस्तीत राहू देत. ती 'फ्री कॉलनी'. तेथील मोकळीकही परवान्यापुरती होती.

सोलापूरच्या सेटलमेंटची व्यवस्था काही वर्षे अमेरिकन मराठी मिशनकडे होती, आणि ह्या ठिकाणी शब्दाचा आणखी एक अर्थ जवळ येऊन ठेपतो. १८८४ मध्ये सॅम्युअल बार्नेट ह्यांनी लंडनच्या व्हाइटचॅपल भागात टॉयन्बी हॉल उघडला. विद्यापीठातील तरुणांनी गरिबांच्या वस्तीत स्वतः राहावयास जावे, ही कल्पना. त्या निवासासही 'सेटलमेंट' म्हणत. १८८९ मध्ये जेन ॲडम्स ह्यांनी शिकागोत हल हाउस सुरू केले. ह्याच परंपरेतील काम क्लिफर्ड मॅन्शार्ट ह्यांनी त्याच अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने मुंबईत नागपाड्याला सुरू केले, आणि त्यातून १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था निघाली. नागपाड्यात कार्यकर्ते आपखुशीने राहावयास आले. सोलापुरात राहणाऱ्यांना आणून ठेवले होते. एकाच मिशनच्या वृत्तान्तांत दोन्ही कामे समाजसेवा म्हणून शेजारी शेजारी येतात. त्या कार्यकर्त्यांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने चालविले. पण सुधारणा आणि बंदिवास ह्यांना एकच नाव असले म्हणजे चालकांनाही त्यांतला भेद दिसेनासा होतो.

अनुवादकापुढील अडचण आता स्पष्ट होईल. 'वसाहत' म्हटले तर जमाबंदी सुटते; 'जमाबंदी' म्हटले तर माणसे सुटतात; 'तडजोड' म्हटले तर सत्तेचा भाग लपतो. प्रत्येक दस्तऐवजात बसविणारा कोण, बसविले जाणारे काय वा कोण, आणि विचारले कोणाला, एवढे पाहूनच शब्द निवडावा लागतो. १६५२ च्या आयरिश कायद्यास मराठीत 'आयर्लंडची व्यवस्था' म्हणणे चूक नाही, मात्र पुरेसेही नाही.

मुंबई राज्यात गुन्हेगार जमाती कायदा १९४९ मध्ये रद्द झाला. सर्व देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. सोलापूरची तार निघाली, हजेरी थांबली, आणि पूर्वी नोंदलेल्या जमातींना 'विमुक्त' हे नाव मिळाले. मोकळे झालेल्यांपैकी पुष्कळ कुटुंबे तेथेच राहिली, कारण दोन पिढ्यांत त्यांचे काम, शाळा आणि नातेसंबंध त्याच भागात जुळले होते. 'फ्री कॉलनी' ह्या नावातील 'फ्री' ज्या बंदिस्त वस्तीच्या तुलनेने होते, तिचे कुंपण आता नाही. पत्त्यात मात्र दोन्ही शब्द अजून लिहिले जातात.